‘शारदा’ आणि परका प्रेक्षक

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहाचें नांव निघालें कीं २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आठवते, आणि मग जॅक्सन व अनंत कान्हेरे यांपलीकडे बोलणें जात नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें हें साहजिक आहे. कलेक्टर जॅक्सन याची बदली झाली होती, निरोपादाखल किर्लोस्कर मंडळीचा प्रयोग ठेवला होता, आणि नाट्यगृहांतच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढें १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेले. परंतु त्या रात्रीचें नाटक देवलांचें ‘शारदा’ होतें, ही गोष्ट केवळ तपशील म्हणून सांगितली जाते. आमच्या मतें त्या तपशिलांत एक वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे. स्वदेश सोडून परमुलुखांत राहणाऱ्या माणसाला तेथील लोकांच्या रंजनांत खरोखर काय दिसतें?

जॅक्सन हा चारचौघां साहेबांसारखा नव्हता. त्याला संस्कृत येत होतें. त्यानें जमविलेल्या सामग्रीवरून गुजरात व कोंकण येथील लोकसमजुतींचीं टिपणें एन्थोव्हेननें पुढें संपादून प्रसिद्ध केलीं. अशा प्रेक्षकास किर्लोस्करांच्या ‘शाकुंतलां’त कालिदास ओळखूं आला असता. नाशिककडील मुखवट्यांचा बोहाडा दाखविला असता, तर टिपणवहींत एका नोंदीची भर पडली असती. ‘शारदा’ मात्र या दोन्ही कप्प्यांत बसत नाहीं. तें प्राचीनही नाहीं आणि नवलाईचेंही नाहीं.

१८९९ मध्यें रंगभूमीवर आलेलें हें नाटक देवलांच्या सात नाटकांतील एकमेव स्वतंत्र नाटक होय. पैशाच्या लोभानें मुलगी विकणारा कांचनभट, पिकल्या वयांत बाशिंग बांधूं पाहणारा भुजंगनाथ, लग्न जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित, हीं माणसें प्रेक्षकांनीं आपल्याच आळींत पाहिलेलीं होतीं. देवलांची भाषा घरगुती, पदें सोपीं, आणि विनोद असा कीं हंसतां हंसतां हंसणाऱ्यालाच ओशाळें व्हावें. वधूवर सगोत्र निघाल्यामुळें लग्न मोडतें, हा मात्र रचनेंतील लंगडा सांधा आहे. कारण येथें अन्यायाचा पराभव माणुसकीनें होत नाहीं, शास्त्राच्या एका नियमानें होतो. तथापि याच सांध्यांत देवलांचें धोरणही दिसतें. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं, परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालावा काय, या प्रश्नावर महाराष्ट्र दुभंगला होता. टिळकांचा त्यास विरोध होता. देवलांनीं सरकारकडे दाद न मागतां समाजाला त्याच्याच शास्त्रानें, त्याच्याच भाषेंत, त्याच्याच देखत जाब विचारला. १९२९ च्या बालविवाह-निर्बंधास ‘शारदा कायदा’ म्हणतात तें हरबिलास सारडा यांच्यामुळें, या नाटकामुळें नव्हे. पण कायद्याला लागणारी मनाची मशागत अशाच नाटकांनीं केली.

आतां हेंच नाटक राज्यकर्त्याच्या सन्मानार्थ लावलें म्हणजे काय होतें? घरांतल्या माणसांनीं एकमेकांना दाखविलेला दोष पाहुण्यापुढें मांडला गेला, कीं आत्मपरीक्षणाचें प्रदर्शन बनतें. पाहुणा रसिक असला तर गाणें त्याला आवडेल. विद्वान असला तर विवाहपद्धति तो टिपून घेईल. सहृदय असला तर शारदेची त्याला कींवही येईल. लाज मात्र त्याला वाटणार नाहीं, कारण कांचनभट त्याचा कोणी नव्हे. हा त्याच्या बुद्धीचा दोष नाहीं, त्याच्या जागेचा आहे. आणि ‘शारदा’ तर लाज वाटावी म्हणूनच लिहिलेलें नाटक आहे.

म्हणून हा प्रश्न केवळ गोऱ्या साहेबाचा उरत नाहीं. आज आपण ‘शारदें’तील पदांसाठीं जातों, चाली वाखाणतों, जुन्या नटांच्या आठवणी काढतों आणि समाधानानें घरीं परततों. हुंड्याचा व्यवहार घरांत ठेवून जो प्रेक्षक कांचनभटाला हंसतो, तो मराठी बोलत असला तरी पाहुण्याच्याच खुर्चींत बसलेला असतो.