श्रद्धा कशावर उभी? विज्ञानकथांचे चाहते आणि पालि परंपरा

मायकेल जिंड्रा यांनी १९९४ मध्ये 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहतेपणाकडे धार्मिक आविष्कार म्हणून पाहणारा निबंध प्रसिद्ध केला. १९६६ ते १९६९ या काळात प्रथम प्रसारित झालेल्या या मालिकेभोवती संघटना, मेळावे, वेष आणि प्रमाण-अप्रमाण कथांचे वाद उभे राहिले. धर्मसंस्थेची ही अंगे तेथे दिसतात, हे मान्य करण्यास आम्हांस अडचण नाही. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील 'जेडाय' हा पंथ तर २००१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ३,९०,१२७ लोकांनी आपला धर्म म्हणून नोंदविला. यात थट्टेचा भाग मोठा होता. २०११ मध्ये ही संख्या १,७६,६३२ वर आली.

तथापि मेळावा, वेष आणि कथानिष्ठा एवढ्यावरच तुलना थांबली, तर ही श्रद्धा कशावर उभी आहे, हा मूळ प्रश्न निसटतो. मज्झिमनिकायाने या प्रश्नाला महत्त्व दिले आहे. स्वतः न जाणता परंपरेने मानलेली श्रद्धा चंकीसुत्तात 'अमूलिका' ठरते. वीमंसकसुत्त प्रत्यक्ष तथागतांचीही परीक्षा करण्यास सांगते आणि त्यातून येणाऱ्या श्रद्धेस 'आकारवती' म्हणते.

प्रामाण्याचा विचार केल्यास हा भेद स्पष्ट होतो. २०१४ मध्ये 'स्टार वॉर्स'चे स्वामित्व असलेल्या लुकासफिल्मने पूर्वीच्या बहुतेक कादंबऱ्या प्रमाण कथानकाबाहेर ठेवल्या. चाहत्यांनी वाद घातला. निर्णय मात्र मालकाचा. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांनुसार कोणत्याही थेराच्या नावे आलेले वचन सुत्त व विनय यांच्याशी ताडून मगच स्वीकारावयाचे असते. येथे वचनाचा कोणी मालक नाही.

म्हणून चाहत्यांना हिणवावे, असे आमचे म्हणणे नाही. 'स्टार ट्रेक'मधील निशेल निकोल्स यांच्या भूमिकेने मे जेमिसन यांना प्रेरणा दिली, आणि १९९२ मध्ये जेमिसन अंतराळात जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. कल्पित कथाही माणसास कृतीकडे नेऊ शकते.

ही तुलना खरी कसोटी पाहते ती आपली. तथागतांच्या दर्शनासाठी आतुर झालेल्या आजारी वक्कलीला त्यांनी आपल्या देहाकडून धम्माकडे वळविले. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतील भेद आग्रहाने मांडला. प्रतिमेस हार, शुभ्र वस्त्रे आणि जयंतीची मिरवणूक एवढेच आपण जपले, आणि पंचशील व चिकित्सा सोडली, तर आपणही चाहतेच ठरू. मग चाहत्यांची बाजू एका अर्थी अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. आपली कथा कल्पित आहे, हे ते निदान जाणून असतात.