सीबिस्किटच्या पाठीवरचे वजन

१ नोव्हेंबर १९३८ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथील पिमलिको मैदानावर फक्त दोन घोड्यांची शर्यत झाली. एक वॉर अ‍ॅडमिरल, आदल्या वर्षी तीन मानाच्या शर्यती जिंकून ‘ट्रिपल क्राउन’ मिळवलेला, पूर्वेकडच्या घरंदाज पागेचा घोडा. दुसरा सीबिस्किट, कॅलिफोर्नियातील एका मोटारविक्रेत्याचा, ठेंगणा आणि गुडघ्यांत बेढब घोडा. मैदानात सुमारे ४०,००० माणसे होती आणि रेडिओवर सुमारे ४ कोटी लोक कान लावून बसले होते, असा अंदाज सांगितला जातो. पैजा वॉर अ‍ॅडमिरलच्या बाजूने होत्या. सव्वा मैलाहून थोडी कमी अशी ती शर्यत सीबिस्किटने चार लांबींनी जिंकली आणि १ मिनिट ५६.६ सेकंद हा त्या मैदानाचा नवा विक्रम केला. महामंदीने पिचलेल्या देशाला आपला नायक मिळाला.

ही कथा आजवर ठळकपणे तीनदा सांगितली गेली आहे. १९४९ चा शर्ली टेंपलची भूमिका असलेला चित्रपट, २००१ साली आलेले लॉरा हिलनब्रँड यांचे पुस्तक आणि त्यावरून गॅरी रॉस यांनी २००३ मध्ये केलेला चित्रपट. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच: दुबळ्याने बलाढ्याला हरवले. या लेखात मला त्या ‘दुबळ्या’ शब्दाचीच झडती घ्यायची आहे. या कथेत दुबळे कोणी नव्हतेच, असे मला म्हणायचे नाही. दुबळे कोणीतरी होते, पण ते घोड्याच्या जागी शोधताना आपली नजर चुकते, असे मला वाटते.

काका आणि पुतण्या

आधी वंशावळ पाहू. सीबिस्किटचा जन्म २३ मे १९३३ रोजी केंटकीतील क्लेबर्न या नामांकित स्टडफार्ममध्ये झाला. बापाचे नाव हार्ड टॅक. हार्ड टॅक म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे कडक, कोरडे बिस्किट. ‘सी बिस्किट’चा अर्थही तोच. नाव असे शिळ्या भाकरीसारखे, पण हार्ड टॅकचा बाप होता मॅन ओ वॉर, अमेरिकेच्या शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत थोर मानल्या जाणाऱ्या घोड्यांपैकी एक. आणि वॉर अ‍ॅडमिरल हा त्याच मॅन ओ वॉरचा मुलगा. म्हणजे पिमलिकोला धावले ते नात्याने काका-पुतणे होते. काका-पुतण्यांचे तंटे काय असतात हे मराठी वाचकाला सांगायला नको, पण त्यातल्या पुतण्याला कोणी गरीबाघरचे पोर म्हणत नाही.

आकाराचेही तसेच. २००३ च्या चित्रपटात वॉर अ‍ॅडमिरल डोंगराएवढा दाखवला आहे. प्रत्यक्षात दोघेही खांद्याशी सुमारे पाच फूट दोन इंचांचे, जवळजवळ सारख्या उंचीचे होते. डेव्हिड आणि गोलियाथ ही उपमा पडद्यावर शोभते. मैदानावरची मापे तिला दुजोरा देत नाहीत.

हँडिकॅपचा हिशेब

यापेक्षा महत्त्वाचा पुरावा वजनाचा आहे. ‘हँडिकॅप’ प्रकारच्या शर्यतीत अधिक चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन ठेवतात. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाचे पत्रे घालून ते भरून काढतात. हेतू असा की सगळ्यांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी. म्हणजे कोण बलवान आणि कोण दुबळा, याचा निवाडा हँडिकॅप ठरवणारा अधिकारी शर्यतीआधीच पौंडांमध्ये लिहून ठेवतो.

लॉस एंजेलिसजवळच्या सँटा अनिटा मैदानावरची हँडिकॅप शर्यत तेव्हा एक लाख डॉलरच्या बक्षिसामुळे गाजत होती. १९३७ मध्ये सीबिस्किट ती रोझमाँटकडून नाकभर अंतराने हरला. १९३८ मध्ये पुन्हा नाकभरच अंतराने स्टेजहँडकडून हरला. या दुसऱ्या शर्यतीत सीबिस्किटच्या पाठीवर १३० पौंड होते आणि स्टेजहँडच्या पाठीवर १००. तीस पौंडांचा फरक! मैदानाच्या भाषेत वाचायचे तर त्या दिवशी बलाढ्य होता सीबिस्किट, आणि दुबळ्याने त्याला हरवले. पण स्टेजहँडची दंतकथा झाली नाही. अखेर २ मार्च १९४० रोजी सीबिस्किटने ती शर्यत जिंकली तेव्हाही तो १३० पौंड वाहत होता, आणि दुसरा आला तो कायक हा त्याच्याच मालकाचा घोडा.

एकूण ८९ शर्यती, त्यांत ३३ विजय आणि ४,३७,७३० डॉलरची कमाई. त्या काळी कमाईचा तो जागतिक विक्रम होता. ही नोंद दुबळ्याची नाही.

मग लोकांना काय दिसले?

इथेच घोडे पेंड खाते. इतके सगळे असूनही लोकांनी याच घोड्याला आपला मानले, वॉर अ‍ॅडमिरलला नाही. लोकांना फसवले गेले, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही.

सीबिस्किटचे पहिले दोन हंगाम पाहा. जिम फिट्झसिमन्स या मातब्बर प्रशिक्षकाच्या पागेत तो दोन वर्षांचा असताना एका वर्षात ३५ वेळा धावला. पहिल्या १७ शर्यतींत एकही विजय नाही. त्या वर्षी एकूण ५ विजय. त्या वयाच्या घोड्याला हा राबता अतोनात होता. चांगल्या घोड्यांच्या सरावासाठी सोबत पळवायचा घोडा, अशी त्याची किंमत राहिली. ऑगस्ट १९३६ मध्ये चार्ल्स हॉवर्ड यांनी तो ८,००० डॉलरला घेतला तेव्हा तो चाळीसहून अधिक शर्यती धावलेला, हडकलेला आणि चिडखोर झालेला होता.

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांपैकी जवळजवळ एक बेकार होता. त्यांतले बहुतेक आळशी किंवा अडाणी नव्हते. त्यांना राबवून घेतले होते आणि मग गरज संपल्यावर बाजूला केले होते. सीबिस्किटमध्ये त्यांना ओळखीचे वाटले ते हे. चांगल्या कुळातला असूनही तो चुकीच्या हाती, चुकीच्या कामाला जुंपला गेला होता. लोकांना आपली हीच तक्रार मांडायची होती: आम्ही कमी प्रतीचे नाही, आम्हाला वापरून टाकले गेले. लोकांची नजर कथाकारांपेक्षा अचूक होती, असे मी म्हणेन.

याला दोन व्यावहारिक कारणांची जोड मिळाली. मंदीत रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी अनेक राज्यांनी शर्यतींवरील पैजांना परवानगी देऊन त्यांवर कर घेतला. कॅलिफोर्नियात ही परवानगी १९३३ मध्ये आली, आणि सँटा अनिटाचे मैदान त्यानंतरच उभे राहिले. दुसरे कारण रेडिओ. तिकिटाचे पैसे नसलेल्या माणसालाही आता शर्यत घरबसल्या ‘पाहता’ येत होती.

हिलनब्रँड यांच्या पुस्तकाच्या आरंभीच एक विधान आहे: १९३८ साली अमेरिकी वृत्तपत्रांत सर्वाधिक जागा रूझवेल्ट, हिटलर किंवा मुसोलिनी यांना नव्हे, तर या घोड्याला मिळाली. विधान आकर्षक आहे आणि पुढे ते सर्रास उद्धृत झाले. पण १९३८ हे म्युनिक कराराचे वर्ष होते. देशभरच्या वृत्तपत्रांतले रकाने कोणी, कसे मोजले, हा प्रश्न वाचकाने विचारायलाच हवा. एरवी काटेकोर असलेले पुस्तक या ठिकाणी दंतकथेचा अभ्यास सोडून दंतकथेतच सामील होते.

दुसऱ्या संधीचा खर्च

तिन्ही कथनांचा आवडता निष्कर्ष असा, की जिद्द असली की नशीब पालटते. पण जिद्द घोड्यात पूर्वीही असणारच. पालटली ती व्यवस्था. टॉम स्मिथ या मितभाषी प्रशिक्षकाने त्याला आधी विश्रांती दिली, हवे तेवढे झोपू दिले, वैरणीकडे लक्ष दिले, पायांवर उपचार केले. सोबतीला पंपकिन नावाचा शांत घोडा, एक भटका कुत्रा आणि एक माकड ठेवले. अंग भरले, स्वभाव निवला, मग वेग आला. पिमलिकोच्या शर्यतीआधी घंटेच्या आवाजासरशी उसळी घेण्याचा सरावही स्मिथनेच करवून घेतला, कारण सुरुवातीची झेप हेच वॉर अ‍ॅडमिरलचे बळ होते.

हे सगळे करायला वेळ लागतो, माणसे लागतात आणि थांबण्याची ऐपत असलेला मालक लागतो. सायकल दुरुस्तीपासून सुरुवात केलेले हॉवर्ड तोपर्यंत ब्यूइक मोटारींचे बडे विक्रेते झाले होते. घोड्याला दुसरी संधी मिळाली ती त्यांच्या पैशावर. यात गैर काही नाही. गैर आहे ते हा खर्च झाकून सगळे श्रेय ‘हिंमत’ या एका शब्दाच्या खाती टाकणे. कारण मग संधी न मिळालेल्या बाकीच्यांना आपण सहज म्हणतो: तुमच्यातच हिंमत नव्हती.

बारगीर

आता जॉकीकडे वळू. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. जॉकी हा पुरता बारगीर. घोडा मालकाचा, बक्षीस मालकाचे, आणि हाडे तेवढी स्वतःची.

कॅनडातून आलेला जॉन ‘रेड’ पोलार्ड तरुणपणी पैशासाठी मुष्टियुद्धही खेळला होता. त्याचा उजवा डोळा निकामी होता, हे त्याने कारकीर्दभर लपवले. कळले असते तर घोड्यावर बसण्याची परवानगीच गेली असती. फेब्रुवारी १९३८ मध्ये पडून त्याची छाती चिरडली. त्याच वर्षी जूनमध्ये पायाचा चुराडा झाला. म्हणून पिमलिकोची विख्यात शर्यत त्याच्या वाट्याला आलीच नाही. तीत सीबिस्किटवर जॉर्ज वुल्फ होता. पुढे घोडाही जखमी झाला, तेव्हा हॉवर्ड यांच्या रिजवुडच्या रानात दोघे एकत्र लंगडत बरे झाले. १९४० चा सँटा अनिटाचा विजय मात्र पोलार्डचा आहे. वुल्फ १९४६ मध्ये त्याच सँटा अनिटावर घोड्यावरून पडून मेला.

हिलनब्रँड यांच्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणारे, औषधे घेऊन ओकणारे, पडले तर विम्याचे संरक्षण नसलेले जॉकी तिथे भेटतात. लेखिका स्वतः दीर्घकाळ थकव्याच्या असाध्य आजाराने घरात अडकलेली होती. थकलेल्या शरीराविषयी ती लिहिते तेव्हा वाक्यांत उसनी करुणा नसते.

याच कसोटीवर दोन्ही चित्रपट पाहावेत. १९४९ च्या चित्रपटात स्मिथही नाही आणि पोलार्डही नाही. त्यांच्या जागी काल्पनिक प्रशिक्षक, काल्पनिक जॉकी आणि एक प्रेमकथा आहे. खऱ्या शर्यतींचे चित्रण मात्र त्यात वापरले आहे. म्हणजे घोडा खरा ठेवला आणि माणसे खोटी केली. त्या वेळी पोलार्ड हयात होता, शर्यतीत धावतही होता.

२००३ चा चित्रपट पोलार्डला न्याय देऊ पाहतो. टोबी मॅग्वायरने त्याचा राग आणि भूक दोन्ही नीट दाखवली आहेत. पण मोक्याच्या जागी हाही चित्रपट घसरतो. पहिल्या सँटा अनिटातल्या पराभवानंतर पोलार्ड आपल्या आंधळ्या डोळ्याची कबुली देतो, आणि मालक त्याला मोठ्या मनाने ठेवून घेतो. थोड्याशा दुखापतीपायी अख्खे आयुष्य फेकून द्यायचे नसते, हा चित्रपटाचा गाभ्याचा विचार तिथे माणसालाही लागू होतो. प्रसंग हृद्य आहे, पण खरा नाही. खरा पोलार्ड असे बोलूच शकत नव्हता. त्याच्या धंद्यात क्षमेची सोय नव्हती, म्हणून तर गुपित होते. चित्रपटाने त्या व्यवस्थेवरचा सर्वांत कठोर आरोप उचलला आणि त्याचे मालकाच्या औदार्यात रूपांतर केले.

चित्रपट १९४० च्या विजयाशी संपतो. पुस्तक पुढे जाते, आणि आपणही जावे. त्याच १९४० साली अमेरिकेतील जॉकींनी आपली संघटना स्थापन केली. दंतकथेत तिला जागा नसली, तरी पोलार्डच्या छातीवरून आणि पायावरून गेलेल्या त्या वर्षांचा तोही एक निकाल आहे. सीबिस्किट रानात निवृत्त झाला, १९४७ मध्ये मेला. सँटा अनिटाच्या मैदानात त्याचा पूर्णाकृती ब्राँझ पुतळा आहे. पोलार्ड १९५५ पर्यंत घोड्यांवर बसत राहिला. नंतर त्याने शर्यतीच्या मैदानावर टपाल वेगळे करण्याचे काम केले, आणि पुढे तरुण जॉकींचे बूट पुसण्याचे. १९८१ मध्ये तो गेला.

सीबिस्किटचे कौतुक कमी करावे, असा या लेखाचा हेतू नाही. १३० पौंड घेऊन तसे धावणे हे कौतुकाचेच आहे. एवढेच वाटते, की पुन्हा ही कथा सांगताना त्या १३० पौंडांत एक माणूसही होता, हे सांगायला विसरू नये.