साधन काढून घेतल्यानंतर : शैक्षणिक तंत्रज्ञानविषयक संशोधनाचे चिकित्सक परीक्षण

व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी शिक्षणविषयक संशोधन करावे, ही बाब आता नवलाची राहिलेली नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील वित्तशास्त्राचे प्राध्यापक शॉन कोल हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांच्यासमवेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे सहलेखक आहेत. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई व बडोदे येथील महापालिका शाळांत राबविलेल्या उपक्रमांचा त्यात अभ्यास आहे. बडोद्यात चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक घेऊन गणिताचे खेळ खेळत. त्यांचे गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. उद्धृत होतो तो बहुधा हाच आकडा. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने लाभ सुमारे ०.१० वर आला, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. शिवाय वस्तीतील तरुणीने मागे पडलेल्या मुलांना शिकविण्याचा ‘बालसखी’ उपक्रम संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त ठरला होता.

व्हार्टन स्कूलमधील प्राध्यापिका हम्सा बस्तानी व सहकाऱ्यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील संशोधन (२०२५) याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. तुर्कस्तानातील सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी चॅटबॉट देण्यात आला. साध्या चॅटबॉटमुळे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पुढे तो काढून घेऊन परीक्षा घेतली असता, तो कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा हे विद्यार्थी १७ टक्क्यांनी मागे पडले. आपण कमी शिकलो, याची जाणीवही त्यांना फारशी नव्हती. उत्तराऐवजी सूचना देणाऱ्या दुसऱ्या चॅटबॉटने ही हानी बव्हंशी टाळली, पण परीक्षेत लाभही दिला नाही.

या संशोधनाची मर्यादा उघड आहे. गणिताचे उत्तर बरोबर किंवा चूक असते. वाणिज्य शाखेतील वर्णनात्मक स्वाध्यायाचे तसे नसते. वाशिमसारख्या, २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या जिल्ह्यात तुर्की निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे होईल. तथापि, घरून लिहून आणलेल्या स्वाध्यायावर अंतर्गत गुण देणाऱ्या प्राध्यापकास त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तो स्वाध्याय म्हणजे सरावातील ४८ टक्केच होत, आणि गुणपत्रिकेत नोंद होते ती त्यांचीच.

दुसरा चॅटबॉट सुरक्षित ठरला त्याचे कारण यंत्रात कमी, शिक्षकांत अधिक आहे. प्रत्येक उदाहरणाची रीत व विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका शिक्षकांनीच त्यास पुरविल्या होत्या. मराठी माध्यमाचा विद्यार्थी घसाऱ्याची नोंद कोठे चुकवितो, समायोजनेचा दुसरा परिणाम ताळेबंदात दाखविण्यास का विसरतो, हे कारंजा वा रिसोडच्या प्राध्यापकास उत्तरपत्रिका तपासून तपासून पाठ झालेले असते. ते कागदावर मात्र क्वचितच उतरते.