संगीत नाटकाचे चित्रपटीय रूपांतर आणि प्रेक्षक-प्रतिसाद : ‘कट्यार काळजात घुसली’च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक नाटक पाहण्याबरोबरच ऐकतही आला आहे. ‘वन्स मोअर’ हा त्याचा हक्क होता. त्या हक्काने तो पदाची लांबी आणि प्रयोगाचा वेळ ठरवीत असे. असे नाटक चित्रपट होते तेव्हा त्याचा प्रतिसाद बहुधा ‘मूळ कृतीशी प्रामाणिक की अप्रामाणिक’ या एकाच निकषावर मोजला जातो. हा निकष अपुरा कसा ठरतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात ‘कट्यार काळजात घुसली’ या कलाकृतीच्या आधारे केली आहे.

१. नाटक आणि चित्रपट :
पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने नटलेले हे नाटक ‘नाट्यसंपदा’ने १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे होते. दोन घराण्यांचा संघर्ष हा नाटकाचा विषय. तो केवळ संवादांतून नव्हे, तर गायकीतून उभा राहतो. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन भिन्न चालींत ऐकताना घराणे म्हणजे काय, हे शास्त्र न जाणणाऱ्या प्रेक्षकाच्या कानालाही उमगते. २०१० मध्ये राहुल देशपांडे, महेश काळे आणि सुबोध भावे यांच्या सहभागाने नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. २०१५ मध्ये सुबोध भावे यांच्याच दिग्दर्शनाखाली चित्रपट झळकला. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गीते दिली आणि अभिषेकींची निवडक पदेही राखली गेली.

चित्रपटाचे मोठे स्वागत झाले. नाट्यगीतांशी फारसा परिचय नसलेला तरुण वर्ग ही पदे गुणगुणू लागला. त्याच वेळी जुन्या जाणकारांनी पदांचा संक्षेप, नव्या गीतांचा भपका आणि कथानकातील नाट्यमयतेचा अतिरेक यांवर आक्षेप घेतले. स्पर्धेपूर्वीचा काळ चित्रपटाने दृश्यरूपात मांडला. त्यात पंडितजींना शेंदूर देण्याचे कारस्थान ठळक झाल्याने कलेच्या अहंकाराचा प्रश्न काही अंशी खलप्रवृत्तीच्या प्रश्नात रूपांतरित झाला. हा आक्षेप साधार आहे.

२. गळा आणि देह :
संगीत नाटकात गाणारा आणि अभिनय करणारा एकच असतो. वसंतरावांचा खाँसाहेब तानेच्या आवेशातूनच उद्दाम होत असे. चित्रपटात देह सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा आहे. सदाशिवाचा देह सुबोध भावे यांचा, तर गळा महेश काळे यांचा आहे. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतःच गातात.

पार्श्वगायनाविषयीची ही अस्वस्थता केवळ मराठी नाही. ‘माय फेअर लेडी’ १९५६ मध्ये ब्रॉडवेवर आले तेव्हा ज्यूली अँड्र्यूज स्वतः गात होत्या. १९६४ च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांच्या बहुतेक गीतांना मार्नी निक्सन यांचा आवाज वापरला गेला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. हेपबर्न यांना मात्र साधे नामांकनही नव्हते आणि त्याच वर्षीचा अभिनेत्रीचा पुरस्कार ‘मेरी पॉपिन्स’साठी अँड्र्यूज यांनी पटकावला.

‘कट्यार’मध्ये हा दुरावा मराठी प्रेक्षकाने बऱ्याच अंशी स्वीकारला. चित्रपटात पार्श्वगायन सर्वमान्य आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण परंपरेचे आहे. राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू, तर महेश काळे हे अभिषेकींचे शिष्य. गळा परका नाही, ही खात्री श्रोत्याला होती. काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अरुणि किरणी’ या नव्या गीतासाठी. जुन्या तालमीतला गळा नव्या रचनेतही टिकतो, याची ही पावतीच होय.

३. ‘मूळ’ म्हणजे कोणते?
आक्षेप घेणारा प्रेक्षक चित्रपटाची तुलना नेमकी कशाशी करतो, हा कळीचा प्रश्न आहे. वसंतराव १९८३ मध्ये निवर्तले. त्यानंतर वाढलेल्या रसिकांनी त्यांचा खाँसाहेब प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांतून ऐकला. ध्वनिमुद्रिकेतील पदही संक्षिप्त, निश्चित आणि प्रत्येक वेळी तेच असते. म्हणजेच ‘मूळ’ म्हणून ज्याचा कैवार घेतला जातो, ते बहुधा यंत्राने आधीच गोठविलेले रूप असते. रंगमंचावरील पदाचा प्राण त्याच्या अनिश्चिततेत होता. आजचे पद कालच्यासारखे नसे. चित्रपटाने हिरावले ते हे, आणि नेमके याविषयीच आक्षेप कमी ऐकू येतात.

‘मानापमान’च्या बाबतीत हे अंतर अधिक स्पष्ट होते. खाडिलकरांचे हे नाटक १९११ चे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच मंचावर गायले, दोन गायकींची ती प्रत्यक्ष तुलना प्रेक्षकांसमोर घडली. २०२५ मध्ये भावे यांनी याच नाटकावर आधारलेला चित्रपट आणला तेव्हा त्या प्रयोगाचा साक्षीदार प्रेक्षक उरलेला नव्हता. स्मृती जितकी दूरची, तितकी रूपांतराला मोकळीक अधिक. पण तुलनेतून निर्माण होणारा रसिकतेचा ताणही तितकाच क्षीण होतो.

निष्कर्ष :
१. रूपांतराचे मूल्यमापन केवळ निष्ठेच्या निकषावर करता येत नाही. प्रेक्षकाची स्मृती कोणत्या माध्यमातून घडली, हे आधी तपासावे लागते.
२. देह आणि गळा यांची फारकत प्रेक्षक स्वीकारतो, परंतु त्यासाठी त्याला परंपरेचा आधार लागतो.
३. चित्रपटाने नाट्यसंगीताला नवा श्रोता दिला. मात्र त्या श्रोत्याला ‘वन्स मोअर’चा हक्क दिला नाही.

तिसरा निष्कर्ष महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अनेक विद्यार्थ्यांची नाट्यपदांशी पहिली ओळख आता पडद्यावरच होते. ती ओळख तेथेच थांबली तर संगीत नाटक हा गीतसंग्रह होऊन उरेल. चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी एखाद्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला जाऊन बसला, तर रूपांतर सार्थकी लागले असे म्हणता येईल. त्याला तेथवर नेण्याचे काम चित्रपटाचे नाही. ते अध्यापकाचे आहे.