प्रश्न, तालीम आणि कर्तृत्व : पिना बाउश यांच्या ‘कोन्टाक्टहोफ’चा विचार

प्रस्तुत लेखात जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश (१९४०–२००९) यांच्या ‘कोन्टाक्टहोफ’ (१९७८) या कृतीच्या आधारे, समूहाच्या तालमींतून घडत जाणाऱ्या रंगकृतीचे स्वरूप तपासले आहे. अशा कृतींविषयी लिहिताना ‘सामूहिक निर्मिती’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. उत्स्फूर्तता म्हणजे स्वातंत्र्य आणि समूह म्हणजे समता, असे त्यामागील गृहीतक असते. बाउश यांची तालीमपद्धती बारकाईने अभ्यासली असता ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम संज्ञेविषयी. आपल्याकडील ‘नृत्यनाट्य’ या शब्दातून एखादी पौराणिक वा काव्यात्म कथा नृत्यातून सांगणे असा अर्थ ध्वनित होतो. बाउश यांच्या रंगकृतींत सलग कथा नाही, पात्रेही नाहीत. रंगमंचावर नर्तक परस्परांना स्वतःच्याच नावांनी हाका मारतात. म्हणून येथे ‘नृत्यरंगभूमी’ हा शब्द योजला आहे.

प्रश्नांची पद्धत

कुर्ट योस यांच्या हाताखाली शिकलेल्या बाउश १९७३ पासून वुपरताल येथील नृत्यसंघाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या आरंभीच्या रचना, उदाहरणार्थ मातीने झाकलेल्या रंगमंचावर होणारी ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ (१९७५), आधी रचलेल्या आणि नंतर नर्तकांना शिकवलेल्या होत्या. १९७६ मधील ब्रेश्ट-वाइल यांच्या गीतांवरील प्रयोगानंतर संघातील अनेक नर्तकांशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. त्या काळात यान मिनारिक या नर्तकाच्या छोट्या स्टुडिओत मोजक्या सहकाऱ्यांसह त्या काम करू लागल्या. पुढे १९७८ मध्ये बोखुमच्या नाट्यगृहासाठी ‘मॅकबेथ’वर आधारित कृती करताना त्यांच्यासमोर नर्तकांबरोबर नट होते आणि ऑपेरा गाणारी एक कलावतीही होती. या सर्वांना नृत्याचे एकच पदन्यास देणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी प्रश्न विचारले. ज्या पद्धतीला पुढे जगभरच्या समीक्षकांनी तात्त्विक वलय दिले, तिचा जन्म असा अडचणीतून झाला, ही बाब नोंदवण्याजोगी आहे.

या पद्धतीत दिग्दर्शिका एखादा प्रश्न, शब्द किंवा अर्धवट वाक्य समूहासमोर ठेवते. उत्तर बोलून द्यावे, हावभावाने द्यावे की नाचून, याचे बंधन नसते. एका कृतीच्या तालमींत शंभराच्या आसपास प्रश्न विचारले जात. नर्तक आपापली उत्तरे टिपून ठेवत, कारण काही आठवड्यांनी त्यातले एखादेच पुन्हा करून दाखवण्यास सांगितले जाई. बहुतांश उत्तरे टाकूनच दिली जात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट निसटते. टिपण पाहून पुन्हा केलेले उत्तर हे उत्स्फूर्त राहत नाही; ती स्वतःच्याच एका क्षणाची नक्कल असते. तीच नक्कल पुढे घासूनपुसून, मोजून, संगीताला बांधून घेतली जाते. प्रयोगात ती नेमकी तशीच व्हावी लागते. उत्स्फूर्तता तालमीच्या पहिल्या टप्प्यातच संपते. अशा कृतीला ‘उत्स्फूर्त प्रयोग’ म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. आणि समता? प्रश्न विचारणारी व्यक्ती एकच असते, ती स्वतः उत्तर देत नाही, आणि कोणते उत्तर राहील हे तीच ठरवते.

‘कोन्टाक्टहोफ’मधील एक प्रसंग

९ डिसेंबर १९७८ रोजी वुपरताल येथे सादर झालेल्या या कृतीचे नेपथ्य रोल्फ बोर्झिक यांचे होते : जुने नृत्यगृह, मागच्या भिंतीलगत खुर्च्यांची रांग, एक पियानो. स्त्रिया रेशमी झग्यांत, पुरुष सुटांत. आरंभी नर्तक प्रेक्षकांसमोर येऊन दात, तळहात, देहाची एक बाजू दाखवतात. बाजारात जनावर पारखावे तसे स्वतःला पारखायला देतात. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘संपर्काचे अंगण’ असा असला तरी वेश्या आणि गिऱ्हाईक यांच्या भेटीच्या जागेसाठीही तो शब्द वापरला जातो.

कृतीतील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग असा. एक स्त्री मधोमध उभी आहे. पुरुष तिच्याभोवती जमतात. कुणी केस सारखे करतो, कुणी गाल थोपटतो, कुणी नाकाला हात लावतो. प्रत्येक स्पर्श सुटा पाहिला तर निरुपद्रवी, काही तर मायेचे. पण ते थांबत नाहीत. हात वाढतात, स्पर्श चिमट्यांवर येतात, आणि पाहता पाहता ती स्त्री त्या हातांखाली दिसेनाशी होते. यातील एकाही पुरुषाने ‘हिंसा’ करून दाखवलेली नाही. हिंसा निर्माण होते ती स्पर्श एकाच देहावर, एकाच वेळी, न थांबता रचल्यामुळे. ही रचना दिग्दर्शिकेची. मात्र हे स्पर्श एकाच मनाने कल्पिलेले असते तर ते एकसारखे झाले असते आणि प्रसंग कवायतीसारखा वाटला असता. वेगवेगळ्या माणसांच्या हातांचा वेगवेगळा स्वभाव येथे आवश्यक आहे. म्हणजे कर्तृत्व विभागलेले आहे, पण समान विभागलेले नाही.

तुलनेसाठी ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आठवावे. तेथील देहांची भिंतही तालमीतच सिद्ध झाली. परंतु तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना असे श्रेयाचे कप्पे स्पष्ट होते. बाउश यांच्याकडे लेखकाची जागाच रिकामी आहे. नर्तकांनी आपल्या आठवणींतून भरलेली ती जागा श्रेयनामावलीत मात्र एकाच नावाकडे जाते. त्यांच्या १९८० मधील कृतीच्या शीर्षकातच ‘पिना बाउश यांची कृती’ हे शब्द आहेत. नर्तकांनी हे मान्य केले होते, असे उत्तर देता येईल. त्याने प्रश्न मिटत नाही.

साहित्य कोणाचे?

याउलट टोकाची भूमिकाही तपासावी लागेल. हे नर्तकांचे आत्मकथन आहे, म्हणून ते त्यांच्याच देहात जिवंत राहू शकते, असे अनेकदा म्हटले जाते. ‘कोन्टाक्टहोफ’चा पुढील इतिहास हे मत खोडून काढतो. २००० मध्ये बाउश यांनी वुपरतालमधील पासष्ट वर्षांवरील, रंगमंचाचा अनुभव नसलेल्या नागरिकांकडून हीच कृती करून घेतली. २००८ मध्ये चौदा वर्षांवरील मुलामुलींकडून. दोन्ही वेळी मूळ संचातील जोसेफिन अॅन एन्डिकॉट यांनी तालमी घेतल्या. प्रश्न पुन्हा विचारले गेले नाहीत, १९७८ ची उत्तरेच शिकवली गेली. तरीही अर्थ बदलला. वृद्ध स्त्री तळहात दाखवते तेव्हा पारखले जाण्याची भीती मागे पडते आणि ते हात आयुष्यभर काय करत आले असतील हे मनात येते. मुलांच्या बाबतीत तर स्पर्शांचा प्रसंग पाहणे अधिकच कठीण होते. तालमीतून जे सिद्ध झाले ते केवळ आठवण नसून दुसऱ्याला देता येण्याजोगी संहिता होती, हे त्यावरून दिसते.

सर्वच कृतींना हे लागू होत नाही. रोमशी निगडित ‘व्हिक्टर’ (१९८६) पासून संघ परदेशी शहरांत राहून कृती घडवू लागला. भारतातील वास्तव्यातून आलेली ‘बांबू ब्लूज’ (२००७) त्याच मालिकेतील. कुचिपुडी नर्तिका शांताला शिवलिंगप्पा यांचा सहभाग असूनही तिच्यात एकापाठोपाठ येणारी देखणी एकलनृत्ये अधिक आणि माणसामाणसांमधील घर्षण कमी आहे. पाहुण्याच्या नजरेने दिलेली उत्तरे फार लवकर सुंदर होतात.

२०२४ मध्ये मूळ संचातील मेरिल टँकर्ड यांच्या संकल्पनेतून व दिग्दर्शनाखाली ‘कोन्टाक्टहोफ – एकोज ऑफ सेव्हन्टीएट’ हा प्रयोग वुपरताल येथे झाला. पहिल्या संचातील हयात नर्तकांपैकी काहीजण त्यात उभे राहिले. मागे बोर्झिक यांनी तेव्हा केलेले चित्रण. जे आता नाहीत त्यांच्या जागा रिकाम्या ठेवून उरलेले लोक आपापल्या जुन्या हालचाली करतात : जोडीदार नसलेला हात हवेत, योग्य उंचीवर धरलेला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी उत्तरे दिली, त्यांच्यातील एकीचे नाव यावेळी दिग्दर्शिका म्हणून छापले गेले.