‘हा गिअरबॉक्स 250 न्यूटन-मीटरचा’ म्हणजे नेमकं काय?

पीएचडीच्या प्रवेशासाठी सिनॉप्सिस लिहिताना ऑटोमोबाइलकडची मुलं एक तक्ता हमखास टाकतात. डीक्यू200 म्हणजे 250 न्यूटन-मीटर, डीक्यू250 म्हणजे 350, डीक्यू500 म्हणजे 600. फोक्सवॅगनच्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सची ही टॉर्क मर्यादा. तक्त्याखाली वाक्य येतं: ‘मॉडिफाइड गाड्यांमध्ये ही मर्यादा ओलांडली जाते, त्यामुळे गिअरबॉक्स निकामी होतो.’

आकडे बरोबर आहेत. माझं भांडण त्या ‘त्यामुळे’शी आहे. मुलाखतीत समोर बसलेले सर किंवा मॅडमही बोट नेमकं तिथंच ठेवणार, म्हणून आधीच बोलून घेऊ.

ज्यांनी ही भानगड उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकावर 1, 3, 5, 7 हे गिअर, दुसऱ्यावर 2, 4, 6. तुम्ही तिसऱ्यावर चालत असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो. मग एक क्लच सोडायचा, दुसरा धरायचा, एवढंच काम. रोजच्या गाडीत हे 2003 साली गोल्फ आर32 मध्ये आलं. डीक्यू250 आणि डीक्यू500 चे क्लच तेलात बुडालेले, ओले. डीक्यू200 चे कोरडे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडचं उदाहरण चाकणचं आहे. तिथल्या कारखान्यातून निघालेली पोलो जीटी टीएसआय 2013 साली आली: 1.2 लिटर इंजिन, 175 न्यूटन-मीटर, सोबत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी. पुढे तिथूनच व्हर्टस आणि टायगुन निघाल्या. त्यातलं 1.5 टीएसआय इंजिन 250 न्यूटन-मीटर देतं, गिअरबॉक्स त्याच कुळातला. म्हणजे पोलोत आकड्यापर्यंत 75 ची जागा शिल्लक होती आणि व्हर्टसमध्ये कंपनीनेच शून्य ठेवली. आता ‘स्टेज 1 रिमॅप सेफ आहे’ असं कुणी म्हणालं तर तो कोणत्या गाडीबद्दल बोलतोय? एक गाडी रिमॅपनंतरही 250 च्या आत राहू शकते, दुसरी पहिल्याच पायरीला बाहेर. शब्द मात्र दोघांसाठी एकच. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘स्टेज 1’ हा शब्द नुसता आला तर तो खोडा आणि न्यूटन-मीटर लिहा.

आता मूळ प्रश्न. 250 ही कशाची मर्यादा?

मी राहते त्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीचे यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत असतात. जुन्या पद्धतीच्या मागावर एकाच शाफ्टवर दोन पुल्या असायच्या, एक घट्ट, एक सैल. पट्टा सैल पुलीवर असला की मोटर फिरते पण माग उभा. दांडी ओढली की पट्टा घट्ट पुलीवर सरकतो, क्षणभर घसरतो, आणि माग चालू. डीएसजीतही गाडी हलते ती अशाच एका घसरण्यावर. ‘हा पट्टा किती ताकद पेलतो?’ या प्रश्नाला सरळ आकडा देता येत नाही. पट्टा नवा की जुना, ताण किती, पाळीत माग किती वेळा बंद-चालू होतो, हे आधी विचारावं लागतं. तक्त्यातल्या 250 ला हे प्रश्न कुणी विचारत नाही.

क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घर्षणांक, दाबणारं बल, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. यातली त्रिज्या आणि संख्या कायम. घर्षणांक मात्र तापमानाबरोबर बदलतो, आणि बल किती लावायचं हे गिअरबॉक्सचा संगणक दर क्षणी ठरवतो. म्हणजे चारांपैकी दोन घटक हलते आहेत आणि आपण उत्तर एकच छापतो.

उष्णतेचा हिशेब करून पाहा, कागद-पेन पुरे. जोरात सुटणारी गाडी घ्या. 250 न्यूटन-मीटर, सुरुवातीची घसरण 3000 आरपीएम, एका सेकंदात सरळ रेषेत शून्यावर. क्लचमध्ये सुमारे 39 किलोज्यूल उष्णता. आता दुसरी गाडी घ्या, ट्रकच्या रांगेमागे मिनिटभर सरपटणारी. टॉर्क फक्त 40 न्यूटन-मीटर, घसरण 500 आरपीएम. उत्तर येतं सुमारे 126 किलोज्यूल. तिप्पट! आणि ही दुसरी गाडी मर्यादेच्या सहाव्या हिश्शातसुद्धा नाही. (इथे घाई नको. एका सेकंदात आलेले 39 पृष्ठभागाला जास्त चटका देतात, मिनिटभरात आलेले 126 आतल्या लोखंडात पसरतात. कोणतं जास्त घातक, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तक्त्यात तो दिसतच नाही.) ओल्या क्लचमध्ये तेल ही उष्णता वाहून नेतं, कोरड्याला हवेवर भागवावं लागतं. सोलापूरचा मे महिना ती हवा कशी देतो हे सांगायला नको.

दात म्हणजे वेगळंच प्रकरण. गिअरचा दात एका झटक्यात तुटणं विरळा, तो थकतो. पृष्ठभाग कठीण केलेल्या पोलादी दातासाठी, आयएसओ 6336 मधल्या वक्रांनुसार, मुळाशी वाकण्याचं आयुष्य टॉर्कच्या सुमारे 8.7 व्या घाताने घटतं. टॉर्क 20 टक्के वाढवला तर आयुष्य साधारण पाचवा हिस्सा, 30 टक्के वाढवला तर दहावा. हे मर्यादित आयुष्याच्या पट्ट्यातच खरं. सहनसीमेच्या खाली असाल तर 20 टक्क्यांनी काही बिघडणारही नाही. आमच्या याच वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. कॅमच्या पृष्ठभागाचं दुखणंही याच जातीचं, तोच दाब लाखो वेळा. अशा सुट्या भागाबद्दल बोलताना ‘किती पेलतो’ला जोडून ‘किती वेळा’ आलंच पाहिजे. गाड्यांच्या गप्पांमध्ये आणि आपल्या सिनॉप्सिसमध्ये ‘किती वेळा’ कुठे गळतं कुणास ठाऊक.

म्हणूनच डायनोचा कागद पुरावा म्हणून जोडलेला पाहिला की मला हसू येतं. रोलरवर गाडी काही सेकंद, बहुतेक वेळा एकाच गिअरमध्ये ओढतात. ‘320 आले आणि काही झालं नाही.’ त्या काही सेकंदांत काही झालं नाही, इतकंच त्यातून सिद्ध होतं. शिवाय तो आकडा चाकावरचा की हिशेबाने इंजिनापर्यंत मागे नेलेला, हे कित्येकदा कागदावर लिहिलेलंही नसतं. ‘माझी गाडी रिमॅपवर इतके हजार किलोमीटर मस्त चालली’ हेही त्याच माळेतलं. ज्यांची बिघडली त्यांनी ती विकून टाकली, ते बोलायला येत नाहीत. नमुन्यात फक्त वाचलेले उरतात.

पण सगळ्यात रंजक भाग वेगळा आहे. इंजिनाचा संगणक गिअरबॉक्सच्या संगणकाला सतत कळवत असतो की मी आत्ता इतका टॉर्क देतोय, आणि त्यावरून क्लच किती दाबायचा ते ठरतं. रिमॅप करताना काही वेळा इंजिनाचं हे टॉर्कचं गणितच असं बदलतात की इंजिन देतं 310 आणि सांगतं 250. गिअरबॉक्स बिचारा 250 ला पुरेल इतकंच, थोडी सूट धरून, दाबतो. क्लच घसरतो, तापतो, घर्षणांक बदलतो, आणखी घसरतो. असा गिअरबॉक्स गेला तर तुम्ही लिहिणार ‘मर्यादा ओलांडल्यामुळे’. कदाचित योग्य दाब मिळाला असता तर तोच क्लच 310 धरून राहिलाही असता. इथे लोखंड हरलं की माहिती खोटी होती? दोन्हींचा खर्च मालकाला सारखाच येतो, गाडीचे हप्ते थांबत नाहीत. पण संशोधक म्हणून तुम्हाला दोन्ही वेगळी करून दाखवावी लागतील.

शिवाय मूळ गाड्याही बिघडतात, हे विसरता येत नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजीसाठी जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या. कारण होतं सिंथेटिक तेल. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये त्यामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. उपाय काय, तर ते तेल काढून खनिज तेल भरणं. त्या बिघाडात टॉर्कचा संबंधच नव्हता. म्हणजे एखादी मॉडिफाइड गाडी बंद पडली तर आधी पाहायचं की रिमॅप नसतानाही ती बंद पडली असती का. तुलनेला मूळ गाड्या नसतील तर तुमचं ‘त्यामुळे’ हवेत लटकतं.

उलट बाजूची मंडळीही सुटत नाहीत. 251 झाले की गिअरबॉक्स फुटला, असं समजणारे तोच आकडा दुसऱ्या टोकाने धरून बसलेत. उत्पादकाचा 250 म्हणजे हमीच्या काळात, बऱ्या-वाईट ड्रायव्हरांच्या हातात, थंड देशापासून सोलापूरपर्यंत चालेल असा आत येणारा टॉर्क. तो धंद्याचा आणि अभियांत्रिकीचा मिळून झालेला निर्णय आहे. त्याला पदार्थाचा गुणधर्म समजू नका.

या विषयावर काम करायचंच असेल तर डायनोच्या मागे धावू नका. निदान-सॉकेटमधून इंजिनाचे आरपीएम, इनपुट शाफ्टचे आरपीएम, इंजिनाने सांगितलेला टॉर्क आणि क्लचचं तापमान हे चार रकाने वेळेसकट नोंदवा. पहिल्या दोनांच्या वजाबाकीतून घसरण मिळते, तिसऱ्याशी गुणलं की उष्णता. सांगितलेला टॉर्क खोटा असेल तर प्रवेगावरून काढलेल्या टॉर्कशी तो जुळणार नाही, आणि ती तफावत हाच तुमचा पहिला निष्कर्ष. कोरड्या क्लचचं तापमान बहुधा मोजलेलं नसतं, संगणकाने हिशेबाने काढलेलं असतं. त्याला ‘मापन’ म्हणू नका, ‘अंदाज’ म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं घालतं, तेव्हा रिमॅप केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर पळवून डेटा गोळा करायचा बेत सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. आणि मूळ ट्यूनची दुसरी गाडी शेजारी हवीच. दोन्ही एकाच दिवशी चालवा, जमलं तर मे महिन्यात, दुपारी.