ओल्डकॅसलचे नाव आणि फॉल्स्टाफचे हसू

शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या दोन भागांतील नाटकात फॉल्स्टाफ नावाचे पात्र आहे. स्थूल, मद्यप्रेमी, थापाड्या आणि तरीही वाचकाला लळा लावणारा हा म्हातारा सरदार इंग्रजी रंगभूमीवरील अत्यंत लोकप्रिय विनोदी पात्रांत गणला जातो. मात्र १५९६-९७ च्या सुमारास तो प्रथम रंगमंचावर आला तेव्हा त्याचे नाव सर जॉन ओल्डकॅसल असे होते. या नावाचा सरदार खरोखरच होऊन गेला होता. पाखंड व राजद्रोह या दोन्ही गुन्ह्यांसाठी १४ डिसेंबर १४१७ रोजी लंडनमध्ये त्याला देहान्त शासन झाले. ऑक्सफर्डने १९८६ साली काढलेल्या शेक्सपिअरच्या समग्र आवृत्तीत संपादकांनी नाटकाच्या पहिल्या भागात ओल्डकॅसल हे मूळ नाव पुन्हा घातले. हा निर्णय योग्य होता काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. प्रश्न वरवर पाठभेदाचा दिसतो; परंतु मृत माणसाला लेखणीने कसे वागवावे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

ओल्डकॅसल हा हेरेफर्डशरचा. वेल्समधील मोहिमांत त्याने युवराज हेन्रीच्या हाताखाली तलवार गाजवली आणि त्याचा स्नेह संपादन केला. १४०४ साली तो पार्लमेंटचा सभासद झाला. १४०८ मध्ये कॉबम घराण्याच्या वारसदार जोन हिच्याशी विवाह झाल्यावर तो लॉर्ड कॉबम म्हणून ओळखला जाऊ लागला. जॉन विक्लिफच्या मतांचे अनुयायी ‘लॉलर्ड’ म्हणवले जात. ओल्डकॅसल त्यांचा आश्रयदाता होता. १४०१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पाखंड्यांना जाळण्याची शिक्षा मान्य केलेली होती. सप्टेंबर १४१३ मध्ये आर्चबिशप टॉमस अरंडेल यांच्यापुढे त्याची चौकशी झाली. अभिमंत्रणानंतरही भाकर ही भाकरच राहते आणि तारणासाठी धर्मगुरूकडे पापनिवेदन अनिवार्य नाही, ही मते त्याने सोडली नाहीत. तो पाखंडी ठरला. आता पाचवा हेन्री म्हणून गादीवर आलेल्या जुन्या मित्राने त्याला विचार बदलण्यासाठी चाळीस दिवसांची सवलत दिली. त्या मुदतीत तो लंडनच्या टॉवरमधून निसटला. जानेवारी १४१४ मध्ये लंडनबाहेरच्या सेंट जाइल्सच्या मैदानावर लॉलर्डांचा उठाव झाला आणि राजाने तो एका रात्रीत मोडून काढला. अनेक अनुयायी फासावर गेले. ओल्डकॅसल जवळजवळ चार वर्षे भूमिगत राहिला. अखेर वेल्सच्या सरहद्दीवर तो जखमी अवस्थेत पकडला गेला. सेंट जाइल्सच्या त्याच मैदानावर त्याला फाशीच्या खांबाला टांगून खाली आग पेटवण्यात आली. एकाच देहावर दोन गुन्ह्यांच्या दोन शिक्षा बजावल्या गेल्या.

पुढे या मरणाचे वाटेकरी अनेक झाले. १५४४ मध्ये जॉन बेल याने आणि १५६३ मध्ये जॉन फॉक्स याने त्याला प्रॉटेस्टंट पंथाचा पूर्वकालीन रक्तसाक्षी ठरवले. कॅथलिक पंडित निकोलस हार्प्सफील्ड यांनी १५६६ मध्ये विचारले की, राजाविरुद्ध उठलेला माणूस रक्तसाक्षी कसा? तेव्हा १५७० च्या आवृत्तीत फॉक्सने दीर्घ उत्तर लिहिले आणि उठावच जवळजवळ नाहीसा करून टाकला. १५९९ मध्ये प्रतिस्पर्धी नाटकमंडळीने ‘सर जॉन ओल्डकॅसल’ हे चार लेखकांनी मिळून लिहिलेले नाटक रंगवले. त्यातील ओल्डकॅसल राजनिष्ठेचा पुतळा आहे. बंडाशी त्याचा काही संबंध नाही. शेक्सपिअरने तर श्रद्धा आणि बंड ही दोन्ही पुसून त्याच्या जागी मद्याचा प्याला ठेवला होता.

आमच्या मते या सर्वांनी घटनांचा क्रम बिघडवला. ओल्डकॅसल प्रथम श्रद्धेसाठी मरणास पात्र ठरला आणि नंतर त्याने शस्त्राचा मार्ग धरला. रक्तसाक्षी आपले रक्त देतो, दुसऱ्याचे मागत नाही. म्हणून फॉक्सचा दावा आम्हास मान्य नाही. परंतु उठावाकडे बोट दाखवून आधीच्या निवाड्याची जबाबदारी झटकणे हेही सत्याला धरून नाही. ज्याच्यापुढे चितेवाचून दुसरे काही ठेवले नव्हते, त्याने तलवार उचलली, एवढे तरी आपण म्हटले पाहिजे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा मानवी व्यक्तीचा हक्क मानला. १४१५ मध्ये जाळल्या गेलेल्या यान हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ साली तीव्र खेद व्यक्त केला. हुस यांच्या वर्तुळाशी ओल्डकॅसलचा पत्रव्यवहार होता. त्याचे सिद्धान्त न स्वीकारताही त्याच्या मरणाकडे कॅथलिक वाचकाने त्याच दृष्टीने पाहावे.

आता नावाकडे वळू. शेक्सपिअरच्या काळात कॉबम हे पद ओल्डकॅसलच्या पत्नीच्या वंशजांकडे होते आणि त्या घराण्यातील एक उमराव १५९६-९७ मध्ये राणीच्या दरबारी लॉर्ड चेंबरलेन होता. घराण्याने आक्षेप घेतल्यामुळे नाव बदलले गेले, असे सतराव्या शतकातील एक नोंद सांगते. ऑक्सफर्डच्या संपादकांचा युक्तिवाद असा की, ही सेन्सॉरशिप होती. तिचा परिणाम आपण कायम का ठेवावा? या युक्तिवादात बळ आहे. मूळ नाव कळले की नाटकाचे काही अर्थ उजळतात. फॉल्स्टाफच्या तोंडी सारखी येणारी पश्चात्तापाची आणि बायबलची भाषा ही लॉलर्डांची नक्कल आहे, हे ध्यानात येते. दुसऱ्या भागाच्या शेवटी राज्यारूढ हेन्री जुन्या सोबत्याला ओळख नाकारतो, त्या प्रसंगावर १४१३ ची गडद छाया पडते.

तरीही आम्ही फॉल्स्टाफ हेच नाव राखू. नाव बदलण्यावरच गोष्ट थांबली नाही. दुसऱ्या भागाच्या समारोपात प्रेक्षकांसमोर स्पष्ट सांगितले आहे की, ओल्डकॅसल रक्तसाक्षी म्हणून मेला आणि आपले पात्र म्हणजे तो माणूस नव्हे. दडपण कोणाचेही असो, जाहीरपणे मागे घेतलेला शब्द हाही लेखकाच्या कृतीचाच भाग ठरतो. संपादकाने तो परस्पर रद्द करू नये. मूळ नाव टिपेत द्यावे, प्रस्तावनेत त्याची चर्चा करावी. पात्राच्या तोंडावर ते चिकटवू नये. बलवानांच्या आग्रहाने का होईना, ज्याला उत्तर देता येत नव्हते अशा मृताची थट्टा थांबली, हा लाभच म्हणावा लागेल.

कलेच्या दृष्टीनेही यात हानी झाली नाही. ओल्डकॅसलच्या नावाखाली ते पात्र एका जळालेल्या माणसाचे विडंबन राहिले असते. फॉल्स्टाफ झाल्यावर ते स्वतःच्या बळावर उभे राहिले. ‘पाचवा हेन्री’मध्ये तो देवाचे नाव घेत अंथरुणावर मरतो आणि खाणावळीची मालकीण त्याच्या उशाशी असते. ओल्डकॅसलला असे मरण लाभले नाही. दोघांची नावे वेगळी राहिली तरच हा फरक वाचकाच्या ध्यानी येईल, आणि एकासाठी हसता हसता दुसऱ्यासाठी प्रार्थना करणे त्याला शक्य होईल.